लाडा, भगत आणि वाद्यवृंद : उल्हासनगरातील सिंधी गीताचा इतिहास

लोकगीत हे भूमीचे अपत्य होय, असे मानण्याचा प्रघात मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात रूढ आहे. जात्यावरची ओवी घरातल्या पहाटेशी, भलरी शेताच्या बांधाशी आणि कोळ्यांचे गाणे खाडीच्या पाण्याशी जोडलेले असते, आणि म्हणून त्या त्या प्रदेशाचा उल्लेख केल्यावाचून त्या गीताचे वर्णन पुरे होत नाही. ही समजूत स्थूलमानाने योग्यच आहे. तथापि ज्या समाजाची भूमी एकाएकी सुटली, त्याच्या लोकगीताचे पुढे काय होते, ह्या प्रश्नाला तिच्यात उत्तर नाही. गीत भूमीबरोबर मागे राहते, की माणसांबरोबर पुढे येते. आणि पुढे आलेच तर त्याचे कोणते अंग टिकते व कोणते गळते, ह्याचा विचार करण्यासाठी फार दूर जावयास नको. कल्याण सोडून लोहमार्ग कर्जतकडे वळला, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके ओळीने लागतात. ह्या एवढ्याशा टापूत एका बाजूस आगरी समाजाची गीतपरंपरा आपल्या मूळ भूमीवर उभी आहे, आणि दुसऱ्या बाजूस सिंधी गीतपरंपरा जन्मभूमीपासून तोडली जाऊन सुमारे पाऊण शतक नांदत आहे. ह्या निबंधाचा विषय मुख्यतः दुसरी परंपरा हा आहे.

आज जेथे उल्हासनगर वसले आहे, तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराचा तळ होता. युद्ध संपल्यावर सुमारे दोन हजार बराकी ओस पडल्या. १९४७ साली फाळणी झाली आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगा उसळल्यानंतर सिंधमधून हिंदूंचे लोंढे जहाजांनी मुंबईकडे येऊ लागले. त्यांतील फार मोठा भाग ह्या कल्याण कँपात आणून उतरविण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविली गेली व वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. नावाचे श्रेय कोणी संस्कृत ‘उल्लास’ ह्या शब्दास देतात, कोणी जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीस. मराठीत ‘उल्लास’ व ‘उल्हास’ ही दोन्ही रूपे असल्यामुळे दोन्ही पक्षांची सोय होते. बराकींत येऊन पडलेल्यांना त्या नावातील विरोध जाणवला नसेल असे नाही. पाच कँपांचे आकडे मात्र लोकांच्या तोंडून कधीच गेले नाहीत. आजही तेथील पत्ता कँपाच्या क्रमांकावाचून पुरा होत नाही.

बराकींची रचना गीताच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मध्ये एक लांबलचक दालन, दोन्ही टोकांस खोल्या, आणि दालनात गोणपाटाचे अथवा लुगड्याचे आडपडदे लावून केलेली बिऱ्हाडे. सिंधमध्ये लारकाण्याचा माणूस हैदराबादच्या माणसाच्या शेजारी राहत नव्हता. येथे दोघांमध्ये एका पडद्याचे अंतर होते. सिंधीच्या बोलींपैकी दक्षिणेची लाडी, मध्य सिंधची विचोली आणि उत्तरेकडची बोली ह्या आपापल्या मुलखात वेगळ्या राहिल्या होत्या. बराकीत त्या एकमेकींवर आदळल्या. एका बिऱ्हाडातील लग्नाचे गाणे संपूर्ण बराक ऐके, आणि ज्या बाईला आपल्या गावची चाल ठाऊक होती तिच्या कानी दुसऱ्या गावची चाल अनायासे पडे. उल्हासनगरचे सिंधी गीत म्हणून पुढे जे ओळखले जाऊ लागले, ते कोणत्याही एका जिल्ह्याचे का राहिले नाही, ह्याचा उलगडा बराकीच्या ह्या भूगोलात बराचसा होतो.

ह्या गीतांत पहिला मान लाड्यांचा. ‘लाडो’ म्हणजे नवरदेव, व त्याच्यासाठी स्त्रियांनी ढोलकावर ताल धरून म्हणावयाची गीते ती ‘लाडा’. ह्या शब्दाचे मराठी ‘लाड’, ‘लाडका’ ह्यांच्याशी असलेले नाते उघड आहे. लाड्याची बांधणी साखळीची असते. एक चरण घ्यावयाचा आणि त्यात मामो, मासी, चाचो, पुफी अशी नाती क्रमाने गोवीत जावयाचे. जितके नातेवाईक अधिक तितके गीत लांब. गीताचा साचा कायम, नावे मात्र प्रत्येक घरी निराळी, त्यामुळे ते कधीही ‘पूर्ण’ होत नाही व कधीही जुने होत नाही. फाळणीने कुटुंबे विखुरली, एक भाऊ कँपात, दुसरा अजमेरला, तिसरा कोठे ह्याचा पत्ता नाही, अशा स्थितीत ह्या साखळीत नाव गोवले जाणे म्हणजे त्या माणसाची मोजदाद होणेच होते.

येथे अंबरनाथ व बदलापूरच्या आगरी गावांकडे वळणे अपरिहार्य आहे. आगरी व कोळी समाजांतील लग्नाचे गीत म्हणजे ‘धवला’, आणि ते म्हणणारी ती ‘धवलारीण’. ती केवळ गाणारी नव्हे. परंपरेने लग्नाचे विधी तिच्या गाण्याने लागत, म्हणजे पुरोहिताचे कार्य तिच्या कंठाकडे होते. शब्दाची परंपराही लहानसहान नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथातील महदंबेने रचलेले ‘धवळे’ मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहेत. त्याच शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त प्रकीर्ण प्रबंधांच्या यादीत धवल आणि ओवी ह्यांची गणना केली आहे. त्याच यादीत, ओवीला लागूनच, ‘लोली’ हे नाव येते, आणि सिंधीत ‘लोली’ म्हणजे अंगाईगीत. नामसादृश्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल, पण अभ्यासकाने नोंद करून ठेवावी असा हा योग आहे. लाडा आणि धवला ह्यांचे काम एकच, गाणाऱ्या स्त्रियाच, आणि दोन्हीकडे लेखनाचा संबंध नाही. एक लोहमार्गाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. तरी दोन्ही परंपरा परस्परांशी बोलल्या, असे दाखविणारा पुरावा गीतांत सापडत नाही. शेजार सत्तर वर्षांचा असला, तरी लग्नाचे मांडव वेगळे राहिले.

लाडा हे घरातले गीत. बाहेरचे, पुरुषांचे व व्यवसायाचे गीत म्हणजे ‘भगत’. हा शब्द गाणाऱ्यासही लागतो आणि प्रयोगासही. पायघोळ झगा, डोक्यास पागोटे, पायांत घुंगरू, साथीस ढोलक व एकतारी आणि मागे ओढून धरणारे झिलकरी, असा सरंजाम घेऊन भगतांची मंडळी गावोगाव फिरे व रात्रभर गाई, नाचे, कथा सांगे. महाराष्ट्रातील कीर्तन व तमाशा ह्यांच्या मधोमध कोठे तरी हिचे स्थान मानावे लागेल. कीर्तनाचा उपदेश हिच्यात आहे, तमाशाचा नाचही आहे, आणि दोहोंपैकी कोणाचाच संकोच नाही. शाह अब्दुल लतीफचे बैत आणि वैष्णव भजन ही एकाच रात्री, एकाच तोंडून येत. ह्या परंपरेचा मुकुटमणी म्हणजे भगत कंवरराम. १८८५ साली सक्कर जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. हिंदू व मुसलमान दोघेही त्यांच्या प्रयोगास लोटत. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक ह्या रेल्वे स्थानकात गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. सिंधमधील दोन समाजांचे एकत्र श्रोतृत्व कोणत्या दिवशी भंगले असे कोणी विचारलेच, तर पुष्कळ सिंधी वृद्ध ह्याच दिवसाकडे बोट दाखवीत. पुढे १९५९ साली साहित्य अकादमीने सिंधी भाषेतील पहिला पुरस्कार दिला, तो तीर्थ बसंत ह्यांच्या ‘कंवर’ ह्या ग्रंथास, म्हणजे ह्याच गायकाच्या चरित्रास. ज्या भाषेजवळ प्रांत उरला नव्हता, तिच्या पहिल्या मानाचा विषय एक गायक असावा, ही गोष्ट योगायोगाची असली तरी बोलकी आहे.

प्रांत नसलेल्या भाषेपुढे लगेच लिपीचा प्रश्न उभा राहिला. १८५३ साली इंग्रज सरकारने सिंधीसाठी बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी निश्चित केली होती. (त्याच वर्षी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. ज्या मार्गाच्या काठी पुढे सिंधी माणूस येऊन राहावयाचा होता, त्या मार्गाचे आणि त्याच्या लिपीचे वय असे एकच आहे.) फाळणीनंतर भारतातील सिंधी मुलांनी देवनागरी शिकावी, असा पक्ष जयरामदास दौलतराम आदींनी मांडला. उलट, अरबी लिपी सोडली तर शंभर वर्षांचे वाङ्मय हातचे जाईल, असे साहित्यिकांतील मोठ्या वर्गाचे म्हणणे होते. १९५०–५१ मध्ये सरकारने आधी देवनागरी व पुढे दोन्ही लिप्या मान्य केल्या. वाद मिटला नाही, फक्त दुभंगून राहिला. १० एप्रिल १९६७ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधीस आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, तेव्हाही लिपीचे दोन्ही पक्ष उभेच होते. दरम्यान उल्हासनगरातील पिढ्या मराठी, हिंदी आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळांतून बाहेर पडत होत्या आणि त्यांना दोहोंपैकी कोणत्याच लिपीत सिंधी वाचता येत नव्हते.

अशा वेळी ज्या वाङ्मयप्रकारास लिपीची गरजच नाही, त्याच्याकडे भाषेचा सारा भार यावा हे स्वाभाविक होते. ‘सिंधी भाषा तिच्या गाण्यात जिवंत आहे’ असे विधान सभासमारंभांतून वारंवार ऐकू येते. ते खरे किती व सोयीचे किती, हे तपासून पाहणे हेच ह्या इतिहासाचे खरे प्रयोजन आहे.

गीत बराकीतून ध्वनिमुद्रिकेवर गेले, ते प्रामुख्याने तीन व्यक्तींमुळे. मास्टर चंद्र (१९०७–१९८४) हे फाळणीपूर्वीच, १९३०च्या दशकात, ध्वनिमुद्रिकांमुळे सिंधभर पोचलेले गायक होते. भारतात आल्यावरही त्यांच्या कलामांना दोन्ही बाजूंस श्रोते राहिले. भगवंती नावाणी (१९४०–१९८६) ह्या पुढच्या पिढीच्या. सिंध सोडताना बालवयात असलेल्या मुलांसाठी सिंधी गीत म्हणजे त्यांचाच आवाज होता. तिसरे प्राध्यापक राम पंजवाणी (१९११–१९८७). हे कादंबरीकार, अध्यापक, १९६४च्या साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी, आणि मातीच्या मडक्यावर ताल धरून गाणारे गायक. विद्वान मंडळींना त्यांचे मडके फारसे रुचले नसावे. परंतु विखुरलेल्या समाजास एकत्र आणावयाचे तर ग्रंथापेक्षा मडके उपयोगी, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. सिंधू नदीचे दैवत झूलेलाल हे सर्व सिंधी हिंदूंचे सामाईक प्रतीक म्हणून भारतात प्रतिष्ठित करण्याच्या कार्यात त्यांच्या गाण्याचा वाटा मोठा आहे. चेटीचंडाची मिरवणूक, बहिराणा, पंजडे म्हणण्याची प्रथा, छेज हा काठ्यांचा नाच ह्या सर्वांना ह्या काळात सार्वजनिक रूप आले. उल्हासनगरच्या पाच नंबर कँपातील मंदिरात चालिह्याचे चाळीस दिवसांचे व्रत आजही गीतांच्या गजरात पाळले जाते.

ह्या प्रतिष्ठापनेची एक किंमत होती. भगताच्या एका रात्रीत जे बैत, काफी, भजन व कथा असे मिश्रण असे, त्यातून दैवतस्तुतीचा भाग उचलला गेला आणि सूफी कलामाचा भाग हळूहळू वृद्धांच्या बैठकीपुरता उरला. त्याचे एक मासलेवाईक उदाहरण म्हणजे ‘दमा दम मस्त कलंदर’ ह्या नावाने सर्वत्र गाजलेले गीत. सेहवणच्या लाल शाहबाझ कलंदराचे हे स्तोत्र १९६९च्या ‘दिलां दे सौदे’ ह्या पाकिस्तानी पंजाबी चित्रपटात नूरजहान ह्यांनी गायिले व पुढे रूना लैलांच्या कंठातून ते भारतभर पोचले. त्यात ‘झूलेलाल’ हे संबोधन असल्यामुळे भारतातील सिंधी श्रोत्याने ते आपल्या दैवताचे गीत म्हणून स्वीकारले, आणि सिंधी लग्नातील कोणताही वाद्यवृंद त्यावाचून कार्यक्रम संपवीत नाही. गंमत अशी, की हे गीत भाषेच्या दृष्टीने सिंधी नाही. त्यातील षष्ठीचा प्रत्यय ‘दा’ आहे, आणि तो पंजाबीचा. सिंधीचा प्रत्यय ‘जो’, जो ‘मुअन जो दडो’, म्हणजे मेलेल्यांचा उंचवटा, ह्या नावामुळे साऱ्या जगाच्या तोंडी आहे आणि मराठी ‘चा’च्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. ज्या गीतावर एक समाज आपली ओळख म्हणून नाचतो त्यात त्याच्या भाषेचा षष्ठीप्रत्ययही नसावा, ही गोष्ट ‘भाषा गाण्यात जिवंत आहे’ ह्या विधानाकडे सावधपणे पाहावयास लावते.

१९७०नंतर मुंबई परिसरात ‘ऑर्केस्ट्रा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाद्यवृंदांची लाट आली व सिंधी लग्नाची संगीतसंध्या तिने व्यापली. ढोलकाच्या जागी आधी बोंगो-कोंगो आणि पुढे ऑक्टोपॅड, पेटीच्या जागी कीबोर्ड, आणि गाणाऱ्या बायकांच्या जागी ध्वनिक्षेपक घेतलेला एक गायक. १९८०च्या दशकात ध्वनिफीत स्वस्त झाली, तिने मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि लहानलहान भाषांच्या गीतांना बाजार मिळवून दिला. पीटर मॅन्युएल ह्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या स्थित्यंतराचे विवेचन आहे. वाद्यवृंद व ध्वनिफीत ह्यांनी सिंधी गीत बुडविले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्यावाचून ते बराकीबरोबरच संपले असते. पण लाड्याचा साचा मात्र त्यांनी मोडला. नाती गोवणारी साखळी ध्वनिफितीत मावत नाही, कारण फितीला कोणाचा मामा ठाऊक नसतो. त्यामुळे ठरावीक दोनतीन कडवी उरली आणि ऐकणारी घरे गाणारी राहिली नाहीत.

भाषाशास्त्रीय दृष्ट्या ह्या बदलाचा माग दोन खुणांवरून काढता येतो. पहिली खूण शब्दान्तीच्या ऱ्हस्व स्वराची. सिंधीत शब्द स्वरान्त असतो आणि तो स्वर निरर्थक नसतो. ‘घरु’ म्हणजे एक घर. अनेकवचनी अन्त्य उकार जाऊन अकार येतो व तो स्पष्ट उच्चारला जातो. एका निसटत्या स्वरावर एकवचन-अनेकवचनाचा भेद उभा असतो. मराठी वाचकास हे परके वाटू नये. ज्ञानेश्वरीतील ‘जगु’, ‘संसारु’ अशा उकारान्त रूपांत हीच अवस्था दिसते, आणि मराठीने पुढे ती गमावली. हिंदी-मराठीच्या सान्निध्यात वाढलेल्या सिंधी बोलणाऱ्याच्या तोंडून हे अन्त्य स्वर झपाट्याने गळतात. जुन्या गीतात मात्र ते गळू शकत नाहीत, कारण तेथे त्यांच्यावर मात्रा पडलेली असते. ढोलकाची थाप त्या स्वराची वाट पाहत थांबते. ह्या अर्थाने गीताने व्याकरणाचे रक्षण केले, असे म्हणता येईल. पण रक्षण झाले ते चरणातल्या शब्दाचे. चरणाबाहेर तोच गायक तोच शब्द व्यंजनान्त उच्चारतो.

दुसरी खूण ॻ, ॼ, ॾ, ॿ ह्या चार अन्तःस्फोटक वर्णांची. श्वास बाहेर न टाकता आत ओढल्यासारखा करून हे वर्ण उच्चारावे लागतात. मराठी, हिंदी, गुजराती ह्या शेजारच्या प्रमाण भाषांत ते नाहीत. देवनागरीत ते अक्षराखाली आडवी रेघ देऊन दाखवितात. ‘ॿारु’ म्हणजे मूल आणि ‘बारु’ म्हणजे ओझे. ‘ॻोठु’ म्हणजे गाव, आणि हाच शब्द निर्वासिताच्या बोलण्यात सर्वांत अधिक येणारा. हे वर्ण ध्वनिफितीच्या गायकांच्या तोंडून पातळ होत गेले. गीताची मात्रा अन्त्य स्वरास धरून ठेवते तशी ती ह्यांना धरून ठेवू शकत नाही, कारण ‘ॿ’च्या ठिकाणी ‘ब’ म्हटल्याने ताल चुकत नाही. म्हणजे गीत भाषेचे जे जतन करते ते छंदाला लागेल तेवढेच करते. उरलेल्याशी त्याला कर्तव्य नसते.

भूमी न सुटलेल्या आगरी गीताचे तरी सर्व क्षेम झाले काय? तसेही दिसत नाही. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’ आणि ‘ड’चा ‘र’ होतो. ‘नारळी’ची ‘नारली’, ‘साडी’ची ‘सारी’. शान्ता शेळके ह्यांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्या व कोळीगीत घराघरांत गेले, ते संगीत म्हणून थोर आहे ह्यात वाद नाही. पण तेव्हापासून बोलीची चारदोन लक्षणे ही वेषभूषेसारखी झाली. ‘गो’, ‘रं’ आणि एखादा ‘ल’ योजला की गीत कोळी झाले. पुढे आगरी-कोळी गीतांचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण भरभराटीस आले, त्यातही नाचाच्या ठेक्यास अग्रस्थान मिळाले आणि धवलारिणीचे संथ, विधिबद्ध गाणे मांडवाच्या कोपऱ्यात गेले. भेद आहे तो एवढाच, पण तो फार मोठा आहे. अंबरनाथ-बदलापूरकडच्या तरुण गायकास धवला ऐकावयाचा झाला तर शेजारच्या गावी धवलारीण सापडते. उल्हासनगरच्या तरुणाचे शेजारचे गाव सरहद्दीच्या पलीकडे आहे.

ह्या भेदाचे महत्त्व पटावयाचे असेल तर युरोपातील हंगेरीचे उदाहरण पाहावे. तेथेही भूमी सुटली होती, फक्त माणसांनी स्थलांतर न करता सीमाच सरकली होती. १९२०च्या त्रियानों तहाने हंगेरीचा सुमारे दोनतृतीयांश प्रदेश गेला, व ज्या ट्रान्सिल्व्हेनियात जुनी मग्यार गीते सर्वांत अधिक टिकली होती तो प्रांत रुमानियात गेला. सुदैवाने त्यापूर्वीच, १९०५पासून, बेला बार्टोक व झोल्तान कोदाय ह्यांनी फोनोग्राफ घेऊन खेड्यांतून गीतसंग्रह सुरू केला होता. १९७२ साली बुडापेस्टमध्ये तरुणांनी ‘तान्त्सहाझ’, म्हणजे नृत्यगृह, ही चळवळ आरंभिली, तेव्हा ट्रान्सिल्व्हेनियातील सेक नावाच्या गावची नाचाची पद्धत त्यांच्यापुढे आदर्श म्हणून होती. सीमा ओलांडून वृद्ध वादकांच्या घरी जाऊन त्यांनी तिचे धडे घेतले. ‘मुझिकाश’सारखे वृंद ह्यातून निघाले. पुढची पिढी अधिक धीट झाली. १९८८ साली केच्केमेत येथे स्थापन झालेल्या ‘चीक’ ह्या लोकवाद्यवृंदाने ‘क्विम्बी’ ह्या रॉक बँडचे गीत लोकवाद्यांवर बसविले आणि ते अतिशय लोकप्रिय झाले. आधुनिक बँडने लोकसंगीताचा मसाला वापरावा हे सर्वत्र चालते. येथे लोकवाद्यवृंदाने आधुनिक गीतास आपल्यात घेतले. असे करण्याचे बळ मूळ गायकापर्यंत जाण्याची वाट मोकळी असल्याने आले. २०११ साली युनेस्कोने तान्त्सहाझच्या शिक्षणपद्धतीस जतनाचा आदर्श म्हणून मान्यता दिली, ती ह्या वाटेस दिलेली मान्यता होय.

उल्हासनगरच्या गायकास ती वाट नव्हती. १९६५च्या युद्धानंतर तर जाणेयेणे जवळजवळ बंदच पडले. सिंधमध्ये नबीबख्श बलोच ह्यांच्या संपादकत्वाखाली सिंधी अदबी बोर्डाने लोकसाहित्याचे चाळीसांहून अधिक खंड काढले, पण ते अरबी लिपीत, आणि त्यांचा इकडच्या वाद्यवृंदाशी संबंध येण्याचे कारण नव्हते. भारतात नारायण भारती ह्यांच्यासारख्या कथाकाराने लोकगीतांच्या संग्रहाचे काम अंगावर घेतले, ते एकाकी होते. सिंध हा शब्दच राष्ट्रगीतातून वगळावा, अशी मागणी करणारा अर्ज २००५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला व तो फेटाळला गेला. भारतातील सिंधी माणसाची भूमी ह्या देशात कोठे असेल तर ती एका गीतातल्या एका शब्दात आहे, असे त्या प्रकरणावरून कोणी म्हटले तर ते अगदीच वावगे होणार नाही.

गेल्या दोन दशकांत मात्र पलीकडून काही नवे ऐकू येऊ लागले आहे. जामशोरो येथे २००३ साली सैफ समेजो ह्यांनी ‘द स्केचेस’ हा बँड काढला. गिटार आणि सिंधी लोकवाद्ये ह्यांच्या साथीने तो शाह लतीफ व शेख अयाझ ह्यांची काव्ये गातो. २०११ साली पाकिस्तानच्या ‘कोक स्टुडिओ’त त्यांनी गायिलेली वाई दूरवर ऐकली गेली. समेजो ह्यांचे काम केवळ गाण्यापुरते राहिले नाही. ‘लाहूती’ ह्या नावाने त्यांनी खेड्यापाड्यांतील गायकवादकांचे ध्वनिमुद्रण केले. येथे हंगेरीतील वाट पुन्हा दिसते. २०२४ साली त्याच ‘कोक स्टुडिओ’त ‘आई आई’ हे गीत आले. नोमान अली राजपर, मारवी साइबान व बाबर मंगी ह्यांच्या ह्या गीताचा बाज पूर्णपणे नागर आहे, तरी भाषा सिंधची आहे. त्यातले ॿ आणि ॾ घरात शिकलेल्या माणसाचे आहेत. मोबाइलच्या पडद्यावर सरहद्द नसल्याने ते गीत जामशोरोत जितक्या लवकर पोचते तितक्याच लवकर पाच नंबर कँपात पोचते. जी वाट माणसांना मिळाली नाही ती ध्वनीस मिळाली, आणि कंवररामांच्या काळानंतर प्रथमच दोन्ही बाजूंचा श्रोता एक झाला.

मात्र ऐकलेले गीत गाण्यासाठी शब्द हाती लागावे लागतात, आणि तेथे लिपीचा जुना प्रश्न पुन्हा आडवा येतो. सिंधकडून गीताबरोबर शब्द दिले जातात ते अरबी लिपीत, आणि उल्हासनगरातील तरुणास ती वाचता येत नाही. देवनागरीत ते कोणी देत नाही. म्हणून सर्वत्र रोमन अक्षरांचा अवलंब होतो. अरबी सिंधीत अन्तःस्फोटक वर्णांना स्वतंत्र अक्षरे आहेत, देवनागरीत खालची रेघ आहे. चालू रोमन लेखनात दोहोंपैकी काही नाही. अन्त्य ऱ्हस्व स्वरही तेथे बहुधा लिहिला जात नाही. त्या लेखनावरून गाणाऱ्यास मूल आणि ओझे हे दोन्ही शब्द एकच दिसतात.